अकाउंटंट महापौर झाला तर? एब बीम, न्यूयॉर्क १९७५ आणि आपलं सोलापूर

रोजकीर्द

महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं की सोलापुरात चहाच्या गाड्यापासून कोर्टाच्या बाररूमपर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं : "एखादा सीए महापौर करा, मग बघा पालिका कशी रुळावर येते ते." मी यंत्रमागवाल्यांची खाती लिहितो, जीएसटीची विवरणपत्रं भरतो, त्यावरच माझं घर चालतं. तरीही हे वाक्य अर्धंच खरं आहे असं माझं मत आहे. ज्या माणसाचं आयुष्य वाचून ते पक्कं झालं, त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

अब्राहम बीम. सगळे एब म्हणत. १ जानेवारी १९७४ ते ३१ डिसेंबर १९७७ या काळात न्यूयॉर्कचे महापौर, त्या शहराचे पहिले ज्यू महापौर आणि पेशाने अकाउंटंट. उंची पाच फूट दोन इंच. प्रचारात भाषणबाजी फारशी नव्हती, शहराच्या पैशाची याच्याइतकी जाण दुसऱ्या कुणाला नाही एवढंच लोकांपुढे मांडलं गेलं. लोकांना ते पटलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

जन्म २० मार्च १९०६ चा. आईवडील वॉर्साकडचे ज्यू. न्यूयॉर्कला जाता जाता मध्येच लंडनमध्ये एब यांचा जन्म झाला, आणि तान्हं बाळ असतानाच ते अमेरिकेत पोचले. लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या कामगार वस्तीत वाढले. वडील कागदाच्या कारखान्यात कामाला, विचारांनी समाजवादी. घरची परिस्थिती बेताची, पण शहराच्या सिटी कॉलेजात फी नव्हती, म्हणून शिकता आलं. १९२८ साली पदवी घेतली. मित्राबरोबर अकाउंटिंगची फर्म काढली आणि जोडीला १९२९ ते १९४६ अशी सतरा वर्षं एका सरकारी हायस्कुलात मुलांना हिशोबशास्त्र शिकवलं. हा भाग मला फार जवळचा वाटतो. नावे-जमा फळ्यावर समजावून सांगणारा मास्तर पुढे जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहराच्या तिजोरीपर्यंत पोचला.

१९४६ ला ते शहराच्या अंदाजपत्रक विभागात सहायक संचालक झाले, १९५२ ला संचालक. १९६२ पासून चार वर्षं कंट्रोलर, म्हणजे शहराच्या हिशोबाचा आणि कर्जाचा सर्वोच्च अधिकारी. हे पद तिथे थेट निवडणुकीने मिळतं. १९६५ ला महापौरपदासाठी उभे राहिले आणि जॉन लिंडसे यांच्याकडून हरले. १९७० ला पुन्हा कंट्रोलर झाले आणि १९७३ च्या निवडणुकीत महापौर. शहराच्या हिशोबाचं त्यांच्या नजरेखालून न गेलेलं असं एकही पान नव्हतं.

आणि याच माणसाच्या काळात न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी मेख इथे आहे. न्यूयॉर्कचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. पगार, पोलीस, दवाखाने हा खर्च रोजचा. मिळकत कर आणि राज्याचं, केंद्राचं अनुदान मात्र ठरावीक महिन्यांत येणार. मधली तोंडमिळवणी करायला शहर अल्पमुदतीचे रोखे काढायचं, काही येणाऱ्या कराच्या भरवशावर, काही येणाऱ्या अनुदानाच्या भरवशावर. आपल्याकडचा यंत्रमागवाला हातातल्या ऑर्डरवर सुताच्या व्यापाऱ्याकडून उधारीने कोन उचलतो, तसंच हे. ऑर्डर खरी असेल तर यात वावगं काही नाही.

तिथे ऑर्डरच खोटी निघाली. जो कर कधीच वसूल होणार नव्हता, तोही 'येणे' म्हणून धरला जायचा आणि त्याच्यावर कर्ज उचललं जायचं. अनुदानाचा अंदाज फुगवलेला असायचा. जमा धरताना पद्धत वेगळी आणि खर्च धरताना वेगळी. येणे दिसलं की जमा मांडून मोकळे, खर्च मात्र पैसे हातातून गेल्यावरच. मी माझ्या एखाद्या पार्टीची खाती अशी लिहिली तर कर निर्धारण अधिकारी मला दारात उभं करणार नाही. याच्या जोडीला रस्ते, शाळा, पूल यांसाठी जे भांडवली अंदाजपत्रक असतं, त्यात रोजचा खर्च घुसवायची सवय लागली. १९७५ पर्यंत वर्षाला सुमारे ७० कोटी डॉलरचा रोजचा खर्च असा दीर्घ मुदतीच्या कर्जातून भागत होता. शहराचं अंदाजपत्रक तेव्हा साधारण १२०० कोटी डॉलरचं आणि अल्पमुदतीचं कर्ज त्याच्या जवळपास निम्मं, ६०० कोटी.

१९७५ च्या वसंतात बँकांनी हात वर केले. रोखे विकले जाईनात. जूनमध्ये राज्याने शहरासाठी कर्ज उभारायला म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन काढलं. १ जुलैला हजारो कर्मचारी कमी केले गेले, त्यात सुमारे ५ हजार पोलीस होते. सफाई कामगार संपावर गेले, कमी केलेल्या पोलिसांनी ब्रुकलिन ब्रिज अडवला. सप्टेंबरमध्ये राज्याने वित्तीय नियंत्रण मंडळ बसवलं आणि खर्चाच्या चाव्या महापौरांच्या हातातून गेल्या. ज्या एका गोष्टीसाठी त्यांना निवडून दिलं होतं, नेमकी तीच काढून घेतली गेली.

१७ ऑक्टोबर १९७५, शुक्रवार. त्या दिवशी शहराला ४५ कोटी ३० लाख डॉलर चुकते करायचे होते आणि हातात होते ३ कोटी ४० लाख. शिक्षकांच्या पेन्शन फंडाने १५ कोटींचे रोखे घ्यायचं कबूल केलं होतं, आदल्या रात्री ते अडलं. बीम यांच्यासाठी निवेदन टाइप करून तयार ठेवलं : देणं भागवायला पुरेशी रोकड नाही असं कंट्रोलरने मला कळवलं आहे. कोर्टात जायचे कागदही तयार होते. पैसे आधी कशावर खर्च करायचे, याचा क्रम लावलेला. शेवटी त्या दुपारी शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर तयार झाले आणि ते निवेदन वाचावं लागलं नाही.

तो टाइप केलेला कागद माझ्या डोक्यातून जात नाही. शहराच्या जमाखर्चात तीस वर्षं घालवलेल्या माणसाने काय वाचायचं, तर 'कंट्रोलरने मला कळवलं आहे'. काही वर्षांपूर्वी तो कंट्रोलर ते स्वतःच होते.

बारा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी भाषणात मदतीला साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशीच्या डेली न्यूजचा मथळा प्रसिद्धच आहे, त्याचा अर्थ साधारण 'फोर्ड शहराला म्हणतात, मरा'. डिसेंबरमध्ये मात्र फोर्डनीच कर्जाच्या कायद्यावर सही केली. वर्षाला २३० कोटी डॉलरपर्यंत हंगामी कर्ज. शहराने ते व्याजासकट फेडलं.

मला यातून एवढंच म्हणायचंय की हिशोब कळणारा माणूस पालिकेला हवाच, पण तो खुर्चीत बसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. आणि त्याला हिशोब कळतो म्हणून इतरांनी बघायचं सोडून दिलं तर तोच हिशोब सगळ्यांना महागात पडतो. शहराचं गणित बिघडतं ते बहुतेक वेळा जमेच्या बाजूला. आपण मात्र इंद्रभुवनातल्या, म्हणजे आपल्या पालिकेच्या मुख्यालयातल्या, अंदाजपत्रकाची बातमी वाचताना खर्चाचा रकाना बघतो. कोणत्या प्रभागाला किती, कोणत्या उद्यानाला किती. जमा धरलेली रक्कम मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती आली होती, हे किती जण विचारतात?

---

पाच्छापेठकर

लेख एका दमात वाचला. एक शंका. न्यूयॉर्कसारख्या शहरात पैसा कमी पडावाच का? वॉल स्ट्रीट तिथे, बँका तिथे. की नुसता खर्च बेसुमार?

---

जुनीमिल_कंपाउंड

पाच्छापेठकर, पैसा शहरात असणं आणि तो पालिकेकडे येणं यात फरक आहे. त्या दशकात न्यूयॉर्कमधून लाखो नोकऱ्या गेल्या, त्यात कपड्याच्या आणि इतर कारखान्यांच्या बऱ्याच. गोरा मध्यमवर्ग उपनगरात राहायला गेला. कर भरणारा बाहेर गेला आणि दवाखाना, शाळा, मदत ज्यांना लागते ते शहरात राहिले. खर्च तसाच, जमा आटत गेली.

हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको. जुनी मिल गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. आमच्या घरात दोन पिढ्या भोंग्यावर उठल्या. मिल बंद झाली तेव्हा नुसता पगार थांबला नाही. चाळीतला किराणावाला, खानावळवाला, सायकलवाला सगळे बसले, आणि पालिकेचं उत्पन्नही त्यांच्याबरोबरच खाली आलं. माणसं विडी कारखान्याकडे, यंत्रमागाकडे, नाहीतर पुण्याकडे वळली. गटार, पाणी, दिवाबत्ती मात्र तेवढीच लागते. मला बीम यांच्याबद्दल वाईट वाटतं. जमा आटलेली असताना खुर्चीत बसणाऱ्याच्या माथी सगळं येतं.

---

विजापूररोड

मी जरा विरोधात बोलतो. बीम यांच्याबद्दल इतकी सहानुभूती मला पटत नाही.

१९५२ पासून तुम्ही अंदाजपत्रक संचालक. नंतर कंट्रोलर, तेही दोनदा. न येणारा कर जमेत धरतात हे तुम्हाला माहीत नाही, असं कोण मानेल? माहीत नव्हतं तर कसले अकाउंटंट, आणि माहीत असून गप्प बसलात तर त्याहून वाईट. ऑगस्ट १९७७ मध्ये तिथल्या रोखे बाजार नियंत्रकांचा, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेचा, अहवाल आला. शहराने गुंतवणूकदारांपासून खरी परिस्थिती लपवली असा ठपका त्यात महापौर, कंट्रोलर आणि बँका या सगळ्यांवर होता. पुढच्याच महिन्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत बीम तिसरे आले. एड कॉच आणि मारिओ कुओमो त्यांच्या पुढे. लोकांनी हिशोब केलाच.

डॉक्टरच्या हातून चूक झाली तर आपण त्याला परिस्थिती वाईट होती म्हणून सोडत नाही. अकाउंटंटला का सोडायचं?

---

रोजकीर्द

विजापूररोड, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. ठपका रास्त होता. फक्त त्यात दोन गोष्टी घालतो.

एक म्हणजे, ही सवय एका माणसाची नव्हती. महापौर वॅग्नर, लिंडसे, गव्हर्नर रॉकफेलर, राज्याचं विधिमंडळ, सगळ्यांनी ती वाढू दिली. कायद्यातच फटी ठेवल्या होत्या. बँकांनी कमिशन घेऊन ते रोखे वर्षानुवर्षं विकले आणि स्वतःला चटका बसल्यावर त्यांना अचानक हिशोब कळायला लागला. राज्याचे कंट्रोलर आर्थर लेव्हिट यांचे लेखापरीक्षक याबद्दल लिहीत होते, पण लेखापरीक्षण अहवाल वाचतो कोण?

दुसरं, कटू निर्णयांवर शेवटी सही त्यांचीच झाली. पगारवाढ गोठवली, नोकरकपात केली. समाजवादी कामगाराचा मुलगा, कामगार संघटनांच्या जोरावर निवडून आलेला, आणि त्यालाच हे करावं लागलं. १५० कोटी डॉलरची तूट घेऊन बसले आणि जाताना २० कोटींची शिल्लक दाखवून गेले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. त्या शिल्लकेमागे राज्याच्या मंडळाचा बडगा होता हेही खरं. तरी १९७५ च्या उन्हाळ्यात ते राजीनामा देऊन घरी गेले नाहीत, याचं मोल मी कमी धरत नाही.

---

लेखाशाखा_निवृत्त

धागाकर्त्याने जमेच्या बाजूवर बोट ठेवलं म्हणून लिहायला बसलो. मी एका नगरपालिकेत (सोलापूर नव्हे) लेखा विभागात नोकरी केली. न येणारी रक्कम 'येणे' म्हणून कशी जगते ते सांगतो.

मिळकत कराचं मागणी रजिस्टर असतं. एका मिळकतीला एक ओळ : मागील थकबाकी, चालू मागणी, एकूण, वसुली, शिल्लक. समजा एक जुनं माळवदाचं घर होतं. ते रस्ता रुंदीकरणात गेलं. मालक वारला, मुलं परगावी. नोंद कमी करायची तर वॉर्डातून अहवाल हवा, पंचनामा हवा, वरिष्ठांची सही हवी आणि मग सभेपुढे विषय. मागणी निर्लेखित करणं, म्हणजे वहीतून कायमची काढून टाकणं, म्हटलं की कुणावर तरी ठपका येण्याची भीती. म्हणून कुणी हात लावत नाही. नव्या वर्षाचं रजिस्टर उघडलं की जुन्या रजिस्टरातली शिल्लक तशीच पुढे ओढायची. वर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड. जागेवर डांबरी रस्ता, त्यावरून एसटी जाते, आणि रजिस्टरात त्या घराची थकबाकी दरवर्षी फुगते.

दुबार नोंदी वेगळ्या. कोर्टातले वाद वेगळे. सरकारी कार्यालयांची थकबाकी वेगळी. बंद कारखान्यांची तर विचारू नका. या सगळ्याची बेरीज करून 'एकूण येणे' तयार होतं आणि अंदाजपत्रक करताना कुणीतरी त्यातली ठोक टक्केवारी जमेत धरतो. खर्चाची मागणी वरून आलेली असते, तिला जुळेल अशी जमा बसवायची. मार्च अखेरीला आकडा गाठला नाही की सुधारित अंदाजात कमी करायचा आणि ठेकेदाराची बिलं पुढच्या वर्षात ढकलायची. ढकललेली बिलं त्या वर्षाच्या खर्चात दिसत नाहीत. न्यूयॉर्कचं वर्णन वाचताना मला काही नवीन वाटलं नाही.

२००४ साली राष्ट्रीय महापालिका लेखा नियमावली आली. दुनोंदी (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना) आणि उपार्जित पद्धतीने (पैसे हातात येण्या-जाण्याची वाट न बघता, येणे-देणे झालं तेव्हाच नोंद) हिशोब ठेवा, वसूल न होणाऱ्या येण्यासाठी तरतूद करा, हे सगळं तिच्यात आहे. कागदावर उत्तम. पण मिळकतींची यादीच खरी नसेल तर दुनोंदी करून चूक दोन ठिकाणी लिहिली जाईल, एवढंच.

---

चादर_टॉवेल

लई भारी लिवलंय मालक. आपल्याला इंग्लिश आकडे कळत नाहीत, पण उधारीचं बरोबर कळलं. मंदीत पार्टी पैसे बुडवती अन् आपण वहीत 'येणे' लिवून बसतो, ते कधी येत नसतंय. वहीत श्रीमंत, गल्ल्यात काय नाही.

मला एक सांगा, आपल्या इथं सीए महापौर झाला तरी त्याला खर्चाचा अधिकार हाय का? आमच्या भागात चार-पाच दिवसाआड पाणी. नगरसेवकाला विचारलं तर आयुक्तांकडं बोट, आयुक्तांकडं गेलं तर शासनाकडं.

---

वकील_पार्कचौक

चादर_टॉवेल, धाग्यावरचा कळीचा प्रश्न तुम्ही विचारलात.

न्यूयॉर्कचा महापौर थेट लोकांतून निवडला जातो आणि प्रशासनाचा प्रमुख तोच. नोकरभरती, नोकरकपात, खर्च सगळं त्याच्या सहीने. आपल्याकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, मुदत अडीच वर्षं, आणि मुख्य काम सर्वसाधारण सभा चालवणं. अंदाजपत्रक आयुक्त तयार करून स्थायी समितीला देतात, स्थायी समिती त्यात फेरफार करून सभेपुढे ठेवते, सभा मंजूर करते. स्थायी समितीत १६ सदस्य.

म्हणून सोलापुरात हिशोब जाणणाऱ्या माणसाची खरी जागा महापौराच्या खुर्चीपेक्षा स्थायी समितीत आहे, असं माझं मत. आयुक्तांनी जमेचा वास्तव अंदाज दिला आणि स्थायीने प्रभागातली कामं बसवायला तो वाढवला, असं राज्यातल्या अनेक पालिकांत दर वर्षी घडतं. त्या बैठकीत "हे कुठून येणार?" असं विचारणारा एक माणूस पुरतो.

आणखी एक. सोलापूर महापालिकेची स्थापना १ मे १९६४ ची. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात आयुक्त, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या तिन्हींचे अधिकार एकाच टेबलावर. न्यूयॉर्कच्या नियंत्रण मंडळाची तुलना अनेकांना सुचेल, पण ती जुळत नाही. तिथे मंडळ बसलं तरी महापौर आणि नगर परिषद जागेवर होते, महापौर स्वतः त्या मंडळाचे सदस्य होते. लोकांना जाब विचारायला कुणीतरी होतं.

---

शेंगाचटणी

जमेच्या बाजूवरून आठवलं. आपल्या पालिकांची मोठी जमा म्हणजे जकात, ती गेली. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून राज्याकडून दरमहा भरपाई येते. मी व्यापारी आहे, जकात नाक्यावरच्या रांगा मला परत नकोत. पण पालिकेचा स्वतःच्या कमाईवरचा हात सुटला, हे मान्य करायला हवं. भरपाईचा हप्ता लांबला की पगार लांबतो. बीम यांनाही अल्बनीतल्या राज्य सरकारपुढे हात पसरावा लागत होता असं वरच्या लेखावरून दिसतं.

आणि रोख्यांचं म्हणाल तर ते आपल्याकडेही सुरू झालंय. अहमदाबादने १९९८ मध्ये १०० कोटींचे काढले, पुण्याने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे. सोलापूरने काढावेत का?

---

रोजकीर्द

शेंगाचटणी, पाण्याच्या वाहिनीसाठी, ठरलेल्या वसुलीचं वेगळं खातं ठेवून काढले तर माझा विरोध नाही. उजनीहून येणारी जलवाहिनी पन्नास वर्षं चालणार असेल तर तिचा खर्च पुढच्या पिढीनेही थोडा उचलावा, यात गैर काय? पगारासाठी आणि जुनी बिलं भागवण्यासाठी कर्ज काढायला मात्र ठाम विरोध. न्यूयॉर्कने ही रेष पुसली, तिथून घसरण झाली. शिवाय रोखे काढायचे तर आधी पतमानांकन हवं, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद हवेत. रोखे निघोत न निघोत, एवढं झालं तरी पालिकेचं भलं होईल.

लेखाशाखा_निवृत्त, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. रस्त्यात गेलेल्या घराची थकबाकी हे उदाहरण मी आता सगळीकडे सांगणार.

---

बाई_प्राथमिक

मी शिक्षिका. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पहिली फीची. वर रोजकीर्द यांनी लिहिलंय की सिटी कॉलेजात फी नव्हती म्हणून बीम शिकले. ते कॉलेज १८४७ साली स्थापन झालं तेव्हापासून तिथे शिक्षण मोफत होतं. १९७६ मध्ये, याच आर्थिक संकटाच्या दडपणाखाली, सिटी युनिव्हर्सिटीत फी लागू झाली. बीम महापौर असताना. स्वतः ज्या दारातून फुकट आत गेलो त्या दारावर आपल्याच काळात तिकीट बसताना बघणं काय असेल, याची मला कल्पनाही करवत नाही. ताळेबंदात ती बचत म्हणून दिसली असेल. कामगारांच्या किती पोरांचं शिक्षण त्यामुळे सुटलं, याचा रकाना कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

दुसरी, पेन्शन फंडाची. त्या शुक्रवारी शहर वाचलं ते शिक्षकांच्या म्हातारपणाच्या पैशावर. शँकर अडून बसले म्हणून त्यांना शिव्या पडल्या, पण तो पैसा त्यांचा नव्हताच, हजारो शिक्षकांचा होता. शहर बुडालं असतं तर ते रोखे कागद झाले असते. माझे वडील एका स्थानिक संस्थेच्या शाळेतून निवृत्त झाले. त्यांचा फरक मिळायला इतका उशीर झाला की आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. दर वेळी उत्तर एकच : अनुदान आलेलं नाही. त्यामुळे पालिकेचा जमाखर्च हा माझ्यासाठी रुक्ष विषय नाही. जमेतला एक फुगवलेला आकडा शेवटी कुणाच्या तरी औषधाच्या पैशातून कापला जातो.

विजापूररोड यांच्याशी मी सहमत आहे. बीम वाईट माणूस नव्हता. पण ज्याला कळत होतं, त्याने आधी बोलायला हवं होतं.

---

विजापूररोड

बाई, हेच म्हणायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं मांडलंत. कंट्रोलरच्या पदावर असताना, म्हणजे १९७० ते ७३ मध्ये, ते उघड भांडले असते तर कदाचित महापौर झालेही नसते. शहराचं मात्र भलं झालं असतं.

---

जुनीमिल_कंपाउंड

खरं आहे. पण तेव्हा ऐकलं असतं का कुणी? लेव्हिट यांचे लेखापरीक्षक लिहीतच होते की.

---

रोजकीर्द

कुणी ऐकलं असतं की नाही सांगता येत नाही. पण बाईंचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मूळ लेखात मी बीम यांना जेवढी सूट दिली तेवढी आता देणार नाही.

पुढे काय झालं असं निरोपातून दोघांनी विचारलंय. शहराला उपार्जित पद्धतीचे हिशोब, एकत्रित संगणकीय लेखाप्रणाली आणि बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणी, हे सगळं सक्तीने स्वीकारावं लागलं. बीम १० फेब्रुवारी २००१ रोजी वारले, वयाच्या ९४ व्या वर्षी. न्यूयॉर्क वाचलं, पण क्लीव्हलंड १९७८ मध्ये बँकांचं देणं चुकवू शकलं नाही आणि डेट्रॉइटने २०१३ मध्ये रीतसर दिवाळखोरी जाहीर केली. दोन्ही कारखान्यांची शहरं. जुनीमिल_कंपाउंड, तुम्हाला याचं नवल वाटणार नाही.

आता आपल्या कामाचं. सोलापूर पालिकेच्या मागच्या काही वर्षांच्या अंदाजपत्रकांतून तीन आकडे शेजारीशेजारी मांडायचा माझा विचार आहे : मिळकत कराचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांनी छापून येणारी प्रत्यक्ष जमा. पाणीपट्टीचंही तसंच. कुणाकडे जुन्या छापील प्रती असतील तर कळवा, मी येऊन झेरॉक्स काढून परत देईन. लेखाशाखा_निवृत्त, तक्ता झाला की आधी तुम्हाला दाखवतो, तुमची नजर फिरल्याशिवाय इथे टाकणार नाही.

---

लेखाशाखा_निवृत्त

जरूर पाठवा. एक चौथा रकाना घाला : शास्तीमाफीच्या अभय योजनेत आलेली रक्कम. ती नेहमीच्या वसुलीत मिसळली की वर्ष चांगलं गेल्यासारखं दिसतं.

---

चादर_टॉवेल

माझ्या चुलत्याकडं जुनी पुस्तकं हायत, ते नगरसेवक होते. रविवारी साखर पेठेत या, काढून ठेवतो.